निषेध पुरे, पारख हवी

धाराशिव जिल्ह्याचे जीवन पाण्याशी बांधलेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गेल्या काही दशकांत ते तितकेच प्लास्टिकशीही बांधले गेले आहे, हे विधान मात्र अनेकांना खटकेल. तुळजापूर परिसरातील द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या आहेत, कळंब-वाशीकडील उसाच्या फडातही आहेत. भूम-परंड्याच्या माळरानावर खोदलेल्या शेततळ्यांत काळा कागद अंथरलेला आहे. भाजीपाल्याच्या वाफ्यांवर मल्चिंगचे आच्छादन आणि रोपवाटिकांवर शेडनेट आहे, तर गावच्या नळयोजनेचे पाणी पीव्हीसी अथवा एचडीपीईच्या जलवाहिनीतून येते. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांनी हा जिल्हा होरपळला, शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दिवसांत ज्या शेतकऱ्यांनी थेंबाथेंबावर बागा जगवल्या, त्यांच्या हाती जे साधन होते ते प्लास्टिकचेच होते. तेव्हा प्लास्टिक हा शब्द उच्चारताच नाक मुरडण्याची जी शहरी सवय आपल्याला लागली आहे, ती या जिल्ह्याच्या बांधावर उभे राहून एकदा तपासून घेतली पाहिजे.

याच जिल्ह्यात प्लास्टिकची दुसरी बाजूही तितकीच ठळकपणे दिसते. तुळजाभवानीच्या दर्शनाला नवरात्रात लाखोंचा जनसमुदाय लोटतो आणि त्यानंतर गटारांच्या कडेला, घाटाच्या वळणावर, ओढ्याच्या पात्रात पिशव्यांचे व बाटल्यांचे ढीग उरतात. आठवडी बाजार उठला की गुरे त्याच पिशव्या चघळत उभी असतात. हा विरोधाभास नीट लक्षात घ्यावा. शेतात जी नळी दहा वर्षे टिकायला हवी, ती दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात तडकते आणि बाजारातील जी पिशवी तासाभराच्या वापरानंतर नाहीशी व्हावी, ती पिढ्यानपिढ्या मातीत पडून राहते. जे टिकावे ते टिकत नाही आणि जे जावे ते जात नाही. आमच्या मते प्लास्टिकच्या प्रश्नाचे मर्म इथे आहे आणि त्याचे उत्तर सरसकट निषेधात नसून पारखेत आहे.

शासनाने आजवर प्रामुख्याने बंदीचा मार्ग अनुसरला. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील जलप्रलयानंतर पातळ पिशव्यांविरुद्ध मोहीम उघडली गेली. २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्यासंबंधीचा राज्याचा कायदा झाला आणि त्याच कायद्याच्या आधारे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने व्यापक प्लास्टिकबंदी जाहीर केली. केंद्र सरकारनेही सप्टेंबर २०२१ पासून पिशवीची किमान जाडी ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली, तर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आणली. या निर्णयांमागील हेतू स्वच्छ होता, हे निःसंशय. पण बंदी अमलात आणायची तर हातातली पिशवी १२० मायक्रॉनची आहे की ४० मायक्रॉनची, हे कोणीतरी मोजायला हवे. ते मोजण्याचे साधन आणि सवय नसेल तर कायद्याचे रूपांतर केवळ दंडाच्या पावत्यांत होते. हातगाडीवरच्या भाजीवाल्याला दंड बसतो आणि ती पिशवी बनवणारा कारखानदार नामानिराळा राहतो. हे चित्र कोणत्या नगरपालिकेच्या हद्दीत दिसलेले नाही?

समाजाच्या बाजूने झालेल्या प्रयत्नांची दखल घ्यायलाच हवी. २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात पर्यावरण संरक्षण गतिविधीने ‘एक थैला, एक थाली’ हे अभियान चालवले. घराघरांतून कापडी पिशव्या व धातूच्या थाळ्या गोळा झाल्या आणि सामान्य स्वयंसेवकाने मनावर घेतले तर कचरा निर्माण होण्याआधीच रोखता येतो, हे देशाने पाहिले. परंतु कापडी पिशवीने बाजाराचा प्रश्न सुटतो, शिवाराचा सुटत नाही. कापडाचे ठिबक होत नाही आणि धातूच्या पत्र्याने शेततळे मढवणे परवडत नाही. जिथे पर्याय आहे तिथे त्याग आणि जिथे पर्याय नाही तिथे उत्तम गुणवत्ता, असे दुहेरी धोरण आपल्याला स्वीकारावे लागेल. यातील पहिल्या भागाविषयी आपण पुष्कळ बोललो आहोत. दुसऱ्या भागाविषयी मात्र आपण जवळजवळ मौनच बाळगले आहे.

गुणवत्ता म्हणजे नेमके काय, हे ठिबकच्या साध्या नळीच्या उदाहरणाने समजून घेऊ. ही नळी काळी असते ती शोभेसाठी नव्हे. पॉलिइथिलीन उघड्यावर पडले की सूर्याच्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटू लागतात. त्याला आवर घालण्यासाठी त्यात अत्यंत बारीक काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळतात. तिचे प्रमाण साधारण दोन ते तीन टक्के असावे लागते आणि ती सर्वत्र सारखी मिसळलेली असावी लागते. ती कमी पडली अथवा तिच्या गुठळ्या राहिल्या की जिथे संरक्षण नाही तिथून नळी तडकते. आता दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला दोन्ही नळ्या सारख्याच काळ्या दिसतात. जुन्या भंगाराचे, नाना जातींचे प्लास्टिक वितळवून केलेली नळीही काळीच असते; किंबहुना काळ्या रंगात सर्व दोष लपतात. डोळ्यांना जे दिसत नाही ते प्रयोगशाळेत दिसते. नळीचा तुकडा नायट्रोजनच्या वातावरणात तापवला की प्लास्टिक निघून जाते आणि मागे काजळी उरते. तिचे वजन केले की प्रमाण कळते. मग तीच काजळी हवेत जाळली की राख उरते आणि त्या राखेवरून त्यात खडूसारखी भर किती घातली होती, हेही उघड होते. पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की गुठळ्या दिसतात. प्राणवायूच्या सान्निध्यात सुमारे दोनशे अंश तापमानाला तुकडा किती मिनिटे तग धरतो यावरून त्यातील संरक्षक द्रव्यांचे बळ कळते. वितळलेले प्लास्टिक ठरावीक दाबाखाली किती वेगाने वाहते, यावरून त्याची जात आणि त्यात झालेली भेसळ यांचा अंदाज येतो.

या चाचण्या परदेशातून आयात केलेले कौतुक नव्हेत. ठिबकच्या नळ्यांसाठी आय.एस. १२७८६, तोट्यांसाठी आय.एस. १३४८७, तोट्या अंतर्भूत असलेल्या नळ्यांसाठी आय.एस. १३४८८, पिण्याच्या पाण्याच्या पीव्हीसी नळांसाठी आय.एस. ४९८५ आणि एचडीपीई नळांसाठी आय.एस. ४९८४ अशी भारतीय मानके आहेत. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय मानक ब्यूरोचे, हे काम आहे. आपल्या अभियंत्यांनी आपल्या हवामानाचा विचार करून ती घडवली आहेत. खंत एवढीच, की ज्याच्या हितासाठी ती केली त्या शेतकऱ्यापर्यंत त्यांचा आशय पोहोचलेला नाही. त्याला आय.एस.आय. हे चिन्ह तेवढे ठाऊक असते आणि चिन्हाची नक्कल करणे हे वस्तूची नक्कल करण्याहूनही सोपे असते. त्या चिन्हासोबत ‘सीएम/एल’ या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो आणि ‘बीआयएस केअर’ या भ्रमणध्वनी उपयोजनावर तो खरा की खोटा हे क्षणात पडताळता येते, ही एक माहिती जरी गावोगाव पोहोचली तरी कित्येकांचे नुकसान टळेल.

काही परीक्षा तर प्रयोगशाळेवाचूनही करता येण्याजोग्या आहेत. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल अशा शेततळ्यात वीस लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. ते पाणी राखण्याची सारी भिस्त अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे ५०० मायक्रॉनच्या कागदावर असते. विक्रेता ५०० मायक्रॉन सांगतो, पैसेही ५०० चे घेतो आणि देतो मात्र ४००. हे कसे ओळखावे? एचडीपीईच्या एकसंध फिल्मचा एक चौरस मीटरचा तुकडा ५०० मायक्रॉन जाडीचा असेल तर त्याचे वजन सुमारे ४७० ग्रॅम भरते, ४०० मायक्रॉनचा असेल तर ३७५ ग्रॅमच्या आसपास. गावातील किराणा दुकानाचा तराजू हा फरक सांगू शकतो. पिशवीची जाडी मोजायला तर कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील स्क्रूगेज पुरेसे आहे. पिशवीच्या कागदाचे दहा थर एकत्र धरून जाडी मोजावी आणि दहाने भागावे. स्वच्छ पॉलिइथिलीनचा तुकडा पाण्यावर तरंगतो, पीव्हीसीचा बुडतो, हे तर आठवीचा विद्यार्थीही पडताळून पाहू शकेल. मात्र वास पाहण्यासाठी प्लास्टिक जाळण्याची जी पद्धत काही ठिकाणी रूढ आहे, ती कटाक्षाने टाळावी. पीव्हीसीच्या धुरात घातक वायू असतात.

शेतीबरोबरच अन्न आणि पाणी यांचाही विचार व्हायला हवा. धाराशिव जिल्हा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. भूम-वाशीच्या भट्ट्यांवरील खवा दूरदूरच्या बाजारात जातो. गरम आणि स्निग्ध पदार्थ प्लास्टिकच्या संपर्कात आला की प्लास्टिकमधील काही द्रव्ये त्यात उतरू शकतात. ती किती उतरतात याची मोजणी आय.एस. ९८४५ या मानकानुसार होते आणि एका किलोमागे ६० मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. आपल्या जिल्ह्याच्या नावलौकिकाचा हा पदार्थ ज्या वेष्टनात जातो, ते अन्नासाठी योग्य आहे याची खातरजमा करणे हा केवळ कायद्याचा नव्हे, तर व्यवसायाच्या भवितव्याचाही प्रश्न आहे. पाण्याचेही तसेच. पीव्हीसी स्थिर राहावे म्हणून पूर्वी शिशाची संयुगे वापरली जात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून केंद्राने २०२१ मध्ये खास नियम करून नळांतील शिशाचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. नियम दिल्लीत झाला, पण गावच्या योजनेसाठी आलेल्या नळांच्या भाराऱ्यातून एक तुकडा कापून तपासणीला पाठवण्याचे काम ग्रामपंचायतीलाच करावे लागेल.

‘पर्यावरणपूरक’ या शब्दाचीही आता पारख करण्याची वेळ आली आहे. हिरव्या पानाचे चित्र छापले आणि ‘विघटनशील’ असा शिक्का मारला की ग्राहकाचे मन निवांत होते. वस्तुतः खऱ्या अर्थाने कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आयएसओ १७०८८ हे मानक आहे. त्यानुसार सुमारे ५८ अंश तापमानाच्या नियंत्रित कंपोस्ट प्रक्रियेत १८० दिवसांच्या आत त्यातील ९० टक्के कार्बनचे रूपांतर कर्बवायूत व्हावे लागते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असल्याखेरीज अशी पिशवी विकता येत नाही. याउलट काही पिशव्या नुसत्या भुगा होतात. डोळ्यांदेखतचा कचरा नाहीसा होतो, पण सूक्ष्म कणांच्या रूपाने मातीत कायमचा वस्तीला येतो. अति पातळ मल्चिंग कागदाचेही हेच होते. हंगामानंतर तो गोळा करता येत नाही, नांगराखाली चिंधड्या होतात. ज्या काळ्या आईला आपण वंदन करतो, तिच्या पोटात आपण काय पेरत आहोत, हे विचारण्याचा अधिकार पुढच्या पिढीला नक्कीच असेल.

पारख हा शब्द या भूमीला परका नाही. याच जिल्ह्यातील तेर ही गोरोबाकाकांची भूमी. संतांच्या मेळाव्यात कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे, हे मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटण्याने वाजवून पाहिले, ही कथा मराठी घरांत शतकानुशतके सांगितली जाते. त्या कथेत नामदेवांसारख्या श्रेष्ठ भक्तालाही परीक्षेतून सूट नव्हती आणि परीक्षेने त्यांचे काही बिघडले नाही. उलट त्यातूनच त्यांना गुरूचा मार्ग सापडला. कथेचा आध्यात्मिक आशय मोठा आहेच. पण ती एका कुंभाराची कथा आहे, हेही विसरू नये. आवाजावरून भाजणीचा दोष ओळखणारा कारागीर आपल्या परंपरेत पूज्य ठरला. हेच तेर प्राचीन काळी तगर म्हणून ओळखले जाई आणि येथील माल सातासमुद्रापार रोमपर्यंत जात असे. केवळ स्वस्त म्हणून कोणाचा माल एवढ्या दूर जात नाही. पारखून घेणारा गिऱ्हाईक आणि पारखेला उतरणारा कारागीर, या दोघांच्या बळावरच व्यापार उभा राहतो.

स्वदेशीचा विचारही याच कसोटीवर घासून घेतला पाहिजे. ‘आपले आहे म्हणून घ्या’ हे आवाहन भावनेला साद घालते, पण ते पहिल्या खरेदीपुरतेच. तडकलेली नळी स्वदेशी होती म्हणून शेतकऱ्याचे दुःख कमी होत नाही. निकृष्ट माल विकून स्वदेशीच्या नावाआड लपणारा उत्पादक हा परकीय स्पर्धकाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, स्वदेशीचा घात करतो. दुसरीकडे मानकांप्रमाणे चांगला माल तयार करणारे प्रामाणिक लघुउद्योजक या भेसळीच्या स्वस्ताईपुढे टिकू शकत नाहीत, हेही आपण पाहतो. चाचणीची व्यवस्था ही खरे तर या प्रामाणिक उद्योजकाची ढाल आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी निसर्गाचे दोहन आणि शोषण यांत भेद केला. दोन वर्षांत फेकावी लागणारी नळी म्हणजे खनिज तेलाचे, विजेचे आणि शेतकऱ्याच्या घामाचे शोषण आहे. दहा वर्षे टिकून शेवटी स्वच्छपणे पुनर्वापरात जाणारी नळी म्हणजे दोहन. शाश्वत विकासाची याहून सोपी व्याख्या करता येणार नाही.

फसवणूक झालीच तर दाद मागण्याचा मार्ग आहे. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ग्राहकाला कायद्याचे संरक्षण जवळजवळ नव्हतेच. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा ही त्या चळवळीची फलिते आहेत. वस्तूतील दोष चाचणीविना कळण्याजोगा नसेल तर जिल्हा आयोग तिचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, अशी स्पष्ट तरतूद त्यात आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निर्वाळा दिला. शेतकरी सर्व बियाणे पेरून टाकतो, तो नमुना कोठून राखणार, हेही न्यायालयाने समजून घेतले. नळीच्या बाबतीत तर पुरावा शेतातच पडलेला असतो. गरज आहे ती पक्के बिल जपून ठेवण्याची आणि खरेदीच्या दिवशीच हातभर तुकडा कापून, तारीख लिहून, बाजूला ठेवण्याची. सूक्ष्म सिंचनासाठी अल्पभूधारकाला राज्य व केंद्र मिळून ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देतात. म्हणजे निकृष्ट साहित्यात केवळ शेतकऱ्याचे नव्हे, तर करदात्याचेही पैसे बुडतात.

अडचण आहे ती अंतराची. प्लास्टिकची तपासणी व प्रशिक्षण यांसाठी १९६८ साली चेन्नईत स्थापन झालेल्या ‘सिपेट’ या केंद्रीय संस्थेचे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे, पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारखी जगन्मान्य संस्था आहे. पण उमरग्याच्या शेतकऱ्याने नळीचा तुकडा घेऊन तीनशे-साडेतीनशे किलोमीटर जायचे, ही अपेक्षा अवाजवी आहे. म्हणून आमचे स्पष्ट म्हणणे आहे, की धाराशिव जिल्ह्यात कृषी-प्लास्टिकची प्राथमिक तपासणी करणारी प्रयोगशाळा उभी राहिली पाहिजे. जाडी, घनता, राख, काजळीचे प्रमाण, ताण आणि पाण्याचा दाब एवढ्या मोजक्या चाचण्यांना प्रचंड यंत्रसामग्री लागत नाही. विद्यापीठाचे धाराशिव उपकेंद्र, तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालये यांच्याकडे जागा व मनुष्यबळ आहे. कौडगाव औद्योगिक क्षेत्रात तांत्रिक वस्त्रोद्योगाच्या उद्यानाचा प्रस्ताव काही वर्षे चर्चेत आहे. शेडनेट आणि शेततळ्याचे आच्छादन ही तांत्रिक वस्त्रेच होत. उद्यान उभे राहील तेव्हा राहो, प्रयोगशाळेला त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ मध्ये या जिल्ह्याचे नाव आले, ते मागासलेपणाचे प्रमाणपत्र मानायचे की नव्या संस्था उभारण्याची संधी, हे लोकप्रतिनिधींनी ठरवायचे आहे.

शासनाकडे मागणी करून आपले कर्तव्य संपत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर या जिल्ह्यात समाजाने काय उभे केले, याची साक्ष हराळीची ज्ञान प्रबोधिनी देते. समाजाच्या अशाच सामर्थ्याचे आणखी एक उदाहरण म्हणजे भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी उभा राहिलेला यमगरवाडीचा प्रकल्प. अशा संस्थांतील आणि गावोगावच्या शाळांतील विद्यार्थ्यांनी स्क्रूगेज व तराजू घेऊन आपल्या गावातील पिशव्यांची, कागदांची मोजणी केली, तर त्याहून चांगला विज्ञानाचा धडा कोणता? किसान संघाच्या आणि ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी परवाना क्रमांक पडताळणीचे शिबिर घ्यावे. गृहिणींनी खाद्यपदार्थ कोणत्या डब्यात आणि किती गरम भरतो, याकडे लक्ष द्यावे. आणि जो भंगारवाला, जी कचरा वेचणारी भगिनी आपल्या दारावरून रोज जाते, तिच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलावी. पीईटी, पॉलिइथिलीन आणि पीव्हीसी हाताच्या स्पर्शाने वेगळे करणारे तिचे कसब ही पारखच आहे. तिने नीट निवडलेल्या मालातूनच चांगला पुनर्वापर होतो. एकत्र कालवलेल्या मालातून तडकणारी नळीच निघते. आपण घरातच वर्गीकरण करून दिले, तर तिचे श्रम हलके होतील आणि मालालाही भाव येईल.

प्लास्टिक हा राक्षस नाही आणि वरदानही नाही. ते मानवाने घडवलेले एक साधन आहे. साधनाचा दोष शोधत बसण्यापेक्षा ते वापरणाऱ्याचा विवेक जागा करणे महत्त्वाचे. येत्या हंगामात धाराशिवचा शेतकरी नव्या नळ्यांची गुंडाळी खरेदी करायला जाईल, तेव्हा त्याने भाव विचारण्यापूर्वी परवाना क्रमांक विचारावा आणि त्याच्या शेजारी उभे राहून तो पडताळून देणारा एक कार्यकर्ता असावा. एवढे झाले तरी या विषयात समाज म्हणून आपण एक पाऊल पुढे टाकले, असे म्हणता येईल.